दहिवरातली आग

ज्या वाडीत मी गेलो होतो तिचे नाव इथे लिहीत नाही. एका सरकारी कागदावर ते आले आहे, तेवढे पुरे. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला, दोन तासांच्या चढावर ती आहे. गुरे पाळणाऱ्या आणि नाचणी-वरी पिकवणाऱ्या लोकांची वाडी. निम्म्याहून जास्त घरांना कुलपे आहेत. चुली पेटतात त्या सहा घरांत.

तिथे मी दोनदा गेलो. पहिल्यांदा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्यातील एका दैनिकाचा बातमीदार म्हणून. विषय होता वणवे. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी वाडीच्या वर काही माणसे गवत पेटवताना दिसली. मी फोटो काढला, चार प्रश्न विचारले आणि दुपारच्या आत उतरलो. बातमी तीन कॉलम आली. मथळा होता, ‘डोंगर पेटवणारे हात’. पहिले वाक्य अजून पाठ आहे: ‘चाऱ्यासाठी डोंगरातील लोक स्वतःच्या हाताने जंगल जाळत आहेत.’ तशा बातम्या त्या काळात इतरांनीही लिहिल्या. पुढच्या हिवाळ्यापासून त्या भागात आग लावायला सक्त मनाई झाली. ती माझ्या बातमीमुळे झाली असे म्हणणे बढाईचे होईल. बातमीचा तिच्याशी काहीच संबंध नव्हता असे म्हणणे सोयीचे होईल.

दुसऱ्यांदा गेलो बारा वर्षांनी, एका पोस्टकार्डामुळे. ते जुन्या कचेरीच्या पत्त्यावरून फिरत फिरत घरी आले होते. अक्षर वळणदार, ओळी सरळ:

‘बाबा म्हणतात, तुम्ही आमच्याबद्दल लिहिले ते पुरते बघून लिहिले नव्हते. औंदा पट्टा जाळायचा आहे. नाही जाळला तर देवाचे रान जाईल आणि रानाबरोबर पाणी जाईल. तेव्हा येऊन पुरते बघावे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी महाड स्टँडवर उभा राहतो. आपला, गंगाराम धाऊ.’

धाऊ म्हणजे माझ्या फोटोतला माणूस. नाव मी तेव्हा विचारले होते. बातमीत मात्र दिले नव्हते.

महाड आणि सव

गंगाराम स्टँडवर रसवंतीच्या बाकावर बसला होता. चाळिशीचा, खाकी शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट. काही वर्षे त्याने महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम केले होते. आता उन्हाळी मोसमात तो वनखात्याचा ‘फायर वॉचर’ असतो. आग दिसली की विझवायची आणि लावणाऱ्याचे नाव कळवायचे, हे त्याचे काम.

“म्हणजे वडील आग लावणार आणि तुम्ही पकडणार?” मी विचारले.

“तसंच हाय. पोलीस पण मीच, चोराचा पोरगा पण मीच. फुल टेन्शन.”

तो हसला, पण लगेच थांबला. पट्टा जाळायला त्याचा विरोध होता. तरी गेले पंधरा दिवस वडिलांच्या बरोबरीने पट्ट्यातले गवत त्यानेच कापले होते. “कापायला मनाई नाय. जाळायला हाय. म्हणून कापण्यापर्यंत मी बाबांच्या बाजूचा.”

पोलादपूरची गाडी पकडण्याऐवजी तो मला आधी सवला घेऊन गेला. सावित्रीच्या काठी तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. मला वाटले, पाहुण्याला काही दाखवायचे म्हणून आणले असेल. कारण वेगळे होते.

“इथं उरकून घ्या आंघोळ. वर दोन तांबे मिळतील. ते पण आईच्या शिव्यांसकट.”

कुंडात रात्रपाळी करून आलेले चार-पाच कामगार गळ्यापर्यंत बसले होते. सवचा एक म्हातारा काठावर पाय सोडून बसला होता. मी पाण्याचे कौतुक केले. तो म्हणाला, “या पाण्याची मजा थंडीत. पूर्वी दात वाजत यायची माणसं, उठायला तयार नसायची. आता थंडीच नाय, तर गरम पाण्याला कोण पुसतो?”

जानेवारीचा मध्य होता. कुंडाबाहेर आल्यावर मी शर्ट लगेच घातला नाही, घालावासा वाटला नाही. बारा वर्षांपूर्वी याच दिवसांत महाडच्या लॉजवर मी स्वेटर घालून झोपलो होतो. त्या स्वेटरचा रंगही आठवतो. यावेळी तो आणलाच नव्हता, आणि ते मला तिथे लक्षात आले.

उमरठच्या पुढे

पोलादपूरहून उमरठपर्यंत जीप मिळाली. तिथल्या शिवकाळातल्या सुभेदारांच्या समाधीपाशी गंगारामने बूट काढून नमस्कार केला आणि आम्ही चढाला लागलो.

मला आठवत होता तो डोंगर सोनेरी होता. गवत कमरेएवढे, मधून पायवाट अशी स्वच्छ की खालून वरचे घर दिसायचे. आता वाट शोधावी लागत होती. रानमोडीची झुडपे डोक्यावर गेली होती. जानेवारीतच ती वाळून कडकडीत झाली होती. जिथे रानमोडी नव्हती तिथे घाणेरीचे काटे. गंगाराम पुढे कोयत्याने फांद्या तोडत चालला होता.

“हे सगळं तुमच्या बातमीनंतरचं,” तो म्हणाला. मग चार पावलांवर थांबला आणि झुडपांतून डोके काढलेली काही रोपे दाखवली. आईनाची, कुड्याची, आणि मनगटाएवढी दोन बेहड्याची. “पण ही पोरं पण आग थांबली म्हणूनच उभी ऱ्हायली. दोन्ही लिहा. फक्त बाबांसमोर हे बोलू नका.”

दोन्ही लिहीत आहे.

वाडीच्या अलीकडे, वाटेच्या वरच्या अंगाला, देवाचे रान लागले. एकरभर, फार तर दोन. आत उन्हाला जागा नाही. जांभूळ, आंबा, अंजनी, आणि दोघांच्या कवेत न येणारे वेल. त्याच्या खालच्या कडेला दगडातून पाणी येते. एक बांबूची पन्हळ लावली आहे, तिच्याखाली हंडे. वाडीला दुसरे पाणी नाही. रानाच्या कडेची दोन जांभळे काळी पडली होती. मागच्या शिमग्याच्या दिवसांत खाली रस्त्याच्या बाजूने वणवा आला, अकरा वर्षांचे न कापलेले, न जळलेले गवत खात एका अंगाने वर चढला आणि वारा पडला म्हणून इथे थांबला.

“वारा पडला म्हणून,” गंगारामने पुन्हा सांगितले. “माणसांनी काय नाय केलं. करण्यासारखं नव्हतंच.”

धाऊबाबा अंगणात घोंगडीवर बसले होते. उंच माणूस, आता वाकलेला; मिशा पांढऱ्या. मला बघून उठले नाहीत.

“आलात. बरं झालं. फोटो बरा आला होता.”

आत भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि पतपेढीचे कॅलेंडर यांच्या मधे तो होता, काचेत. बातमीतून कापून काढलेला नव्हता. मजकूर मागे दुमडून फक्त फोटो पुढे ठेवला होता.

“बातमी वाचून दाखवली होती कोणी?”

“गंग्यानं पहिली ओळ वाचली. म्हटलं, बस कर, घडी घाल.”

मी तो फोटो जवळ जाऊन पाहिला. स्वतः काढलेला फोटो माणूस क्वचितच नीट पाहतो. धाऊबाबा हातात पेटती पेंढी घेऊन उभे. त्यांचे धोतर गुडघ्यापासून खाली पायांना चिकटलेले. मागचे उभे गवत झुकलेले, तुऱ्यांवर पांढरे ठिपके. फोटोचा एक कोपरा धुरकट. छपाईचा दोष म्हणून मी तेव्हा छायाचित्र विभागाशी भांडलो होतो. तो दोष नव्हता. भिंगावर पाणी होते. त्या सकाळी डोंगर दहिवराने भिजलेला होता आणि माझ्या फोटोत ते सगळे आले होते. बातमीत आले नव्हते.

वाडी, पहिल्या दोन सकाळी

संध्याकाळी नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि ताक. झिमाबाई, म्हणजे गंगारामची आई, वाढता वाढता पाण्याबद्दल बोलत होत्या. “आधी हंडा लावून पाठ फिरवली की भरायचा. आता हंडा लावायचा, घरी येऊन भाकर थापायची, तव्यावर टाकायची, मंग जायचं. तरी दोन बोटं कमीच.”

“तुझ्या भाकरी लहान झाल्या असतील गो,” धाऊबाबा म्हणाले.

“व्हय, आणि तुमचं पोट मोठं.”

पट्ट्याची रीत धाऊबाबांनी मला भाकरीच्या तुकड्यांनी समजावली. देवाच्या रानाखाली डोंगरभर आडवी, वीस पावले रुंद पट्टी कापायची. कापलेले गवत ओळीत रचायचे, म्हणजे ते आतून कोरडे राहते. त्याच्या खालचे गवत उभेच ठेवायचे. मग भल्या सकाळी, उभ्या गवतावर दहिवर असताना, रानाच्या बाजूने पेटवायचे. आग कापलेल्या गवतातून उतरत खाली येते, उभ्या ओल्या गवताला भिडते आणि मरते. मागे उरते काळी पट्टी. शिमग्यात खालून वणवा आला तर त्याला तिथे खायला काही नसते.

“नुसतं कापून उचललं तर नाही चालणार?” मी विचारले.

“खुंट ऱ्हातो, पाला ऱ्हातो. आग खुंटावरनं उंदरासारखी पळते. तुमी नाय बघितलंत ना ते. तुमी निघून गेलात.”

ते खरे होते. आग विझताना पाहायला मी थांबलो नव्हतो.

आणि पेटवायचे कधी, हे ठरवणारी माणसे पुरुष नव्हेत. वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईने पहाटे अनवाणी गवतातून पट्ट्यापर्यंत चालत जायचे. तिथे पोचल्यावर तिच्या लुगड्याचा काठ पिळायचा. थेंब पडले तर आग. नाही पडले तर परत घरी. पूर्वी हा मान झिमाबाईंच्या सासूचा होता. आता तो झिमाबाईंचा, पण बारा वर्षांत त्यांना एकदाही चालावे लागले नव्हते.

गंगारामची अट एवढीच होती. “आईचा काठ गळला तर मी बघितलं नाय म्हणेन. नाय गळला, तर कुणी काडी ओढायची नाय. बाबांनी पण नाय.”

धाऊबाबांनी मान हलवली. त्यांना शंका नव्हती. तिळगूळ खाल्ला की पट्टा. त्यांच्या बापाच्या वेळेपासून संक्रांतीनंतर दहिवर चुकले नव्हते.

पहिल्या सकाळी सगळे पट्ट्यावर उभे राहिलो. सहा घरांतली दहा माणसे, बहुतेक साठीच्या वरची. प्रत्येकाच्या हातात झोडपायला हिरव्या फांद्या. झिमाबाई वाडीकडून घाणेरी वाकवत वर आल्या. जुनी वाट बुजली होती. त्यांनी काठ पिळला. काही नाही.

“आज नाय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी काठ दमट होता, घाम पुसल्यासारखा. त्यावर रक्ताचे दोन डाग होते. पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या.

“उद्या पडंल,” धाऊबाबा म्हणाले. दुपारी मी त्यांना पट्ट्यात एकटे पाहिले. उभ्या गवतात हात घालून तळवा उलटसुलट पाहत होते, भर उन्हात.

दिवसभर मला काम नव्हते. मी वाडीत फिरलो. एक गोष्ट सारखी आठवत होती. माझ्या लहानपणी पुण्यात शाळेच्या मैदानावर सकाळची कवायत अनवाणी असायची. पाय गारठून बधिर व्हायचे आणि मैदानभर आमच्या पावलांच्या हिरव्या रेघा उमटायच्या, कारण बाकीचे गवत दहिवराने पांढरे असायचे. आपल्या ओळीची रेघ सरळ यावी यासाठी आम्ही भांडायचो. त्या रेघा शेवटच्या कधी पाहिल्या, ते आठवेना. अशा गोष्टी थांबल्याची बातमी कुठे येत नाही.

तिसरी सकाळ

सहा वाजून वीस मिनिटांनी मी धाऊबाबांबरोबर घरातून निघालो. आम्ही जुन्याच वाटेने, गवत-घाणेरीतून वर गेलो. पट्ट्यावर पोचल्यावर सवयीने वही काढली आणि वेळ, हवा, माणसे यांची नोंद केली. त्या नोंदीची एक ओळ अशी आहे: ‘६.४०. वारा नाही. माझे बूट कोरडे.’

झिमाबाई आल्या. यावेळी त्या वेगळ्या बाजूने, रानाच्या कडेने आल्या. ते सगळ्यांनी पाहिले आणि कोणी काही विचारले नाही. त्यांनी काठ हातात घेऊन पिळला. थेंब पडले. एक, दोन, मग चार-पाच एकदम.

कोणीतरी “देवा” म्हणाले. धाऊबाबांनी पत्नीकडे पाहिले. त्या पाहण्याचे वर्णन मी करू शकत नाही. गंगारामने खाकी शर्ट काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि बनियनवर उभा राहिला. मी वही खिशात घातली. माझ्या वहीत एक गोष्ट लिहिलेली होती आणि ती काठाशी जुळत नव्हती. काठ त्यांचा, रीत त्यांची, मी पाहुणा, असे मी मनाशी म्हटले. बातमीदाराला न बोलण्याची कारणे पटकन सुचतात.

धाऊबाबांनी पेंढी पेटवली.

पहिली पंधरा मिनिटे सगळे सांगितल्याप्रमाणे झाले. आग कमी उंचीची, शिस्तीत, गुडघ्याखाली, पट्टी चाटत उतरत होती. धाऊबाबा तिच्यामागून चालत होते आणि एकेका माणसाला जागा दाखवत होते. तेवढ्या वेळापुरते ते वाकलेले नव्हते. मग ती उभ्या गवतापाशी पोचली. तिथे ती मरायला हवी होती. ती मेली नाही. उभे गवत तडतडले आणि तिने पुढचे पाऊल टाकले.

“दाबा! खालून दाबा!” गंगाराम ओरडला.

आम्ही झोडपायला लागलो. पण गवताच्या खाली रानमोडी होती. ती पेटली तेव्हा ज्वाळा माणसाच्या वर गेल्या. सूर्य डोंगरावर आला आणि दरीतून वारा सुटला. आग वळली. पट्ट्याच्या उजव्या टोकाला, जिथे कापणे दोन हात कमी पडले होते, तिथून ती परत वर निघाली, देवाच्या रानाकडे.

गंगारामने कोयत्याने तिच्यासमोरची झुडपे तोडून मागे फेकली. आम्ही तोडलेले ओढत राहिलो. धाऊबाबा फांदी टाकून घोंगडीने झोडपत होते. झिमाबाई आणि आणखी दोन बायका पन्हळीखालचे भरलेले हंडे घेऊन आल्या आणि वाडीचे त्या दिवसाचे पाणी रानाच्या कडेच्या पाल्यावर ओतले. मग रिकामे हंडे पन्हळीखाली लावले आणि तिथेच उभ्या राहिल्या. हंडा भरायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी समजले.

साडेनऊला आग थांबली. पट्ट्याच्या खाली दोन शेतांएवढा डोंगर जळाला होता, त्यात ती आईनाची पोरंही. रानाचे एक जुने, पोकळ खोडाचे जांभूळ आतून पेटले. ते दुपारपर्यंत धुराड्यासारखे धुमसत राहिले. बाकी रान वाचले. धाऊबाबांचा उजवा तळहात भाजला होता.

सगळे बसले. कोणी कोणाला दोष देत नव्हते. मी वही काढून ती ओळ गंगारामला दाखवली. त्याने वाचली, माझ्या बुटांकडे पाहिले आणि वही परत दिली.

“आये,” त्याने विचारले, “आज तू कुठल्या वाटंनं आलीस गो?”

“पन्हळीकडनं. घाणेरीत पाय फाटले रे दोन दिस.”

पन्हळीखाली पाणी सांडते. तिथले गवत बाराही महिने ओले असते. पूर्वी पट्ट्याकडे जायला एकच वाट होती, मोकळ्या डोंगरावरून. म्हणून काठ कशाने भिजला हा प्रश्नच कधी आला नव्हता. बारा वर्षांत त्या वाटेवर काटे वाढले आणि त्यांनी वाट वळवली.

“तुझ्या पायांना कळलं नाय?” धाऊबाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

“भिजले ते कळलं. कशानं भिजले, ते नाय विचारलं मी पायांना.” मग त्या काळ्या डोंगराकडे बघून म्हणाल्या, “मला पण पडलेलं पायजे होतं ना.”

धाऊबाबांनी डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावरची राख झटकली. गंगाराम उठून शर्ट घालायला गेला.

खाली

दुपारी वनखात्याचे बीटचे गार्ड धूर पाहून वर आले. शांत माणूस. आधी पाणी मागितले, मग वाडीतल्या हंड्यांकडे बघून नको म्हणाले. अंगणात बसून त्यांनी विचारले, आग कोणी लावली.

“मी,” धाऊबाबा म्हणाले.

“माझ्या ड्युटीत लागली,” गंगाराम म्हणाला. “मी हजर होतो. कापलं पण मीच.”

गार्डांनी डोळे मिटून घेतले. “अरे, एकानं तरी पळून जायचं. मला लिहायला सोपं पडलं असतं.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही पेपरवाले ना? आता छापणार?”

“जे पाहिलं ते.”

“मग आधी पंचनाम्यावर सही करा.”

पंच म्हणून मी सही केली. सही करण्यापूर्वी काही वाक्ये घालायला सांगितली आणि त्यांनी ती घातली: गवत आधी कापलेले होते, आग वरून खाली लावली, दहा माणसे फांद्या घेऊन उभी होती, दहिवर नव्हते, विझवण्यात फायर वॉचर पुढे होता. बारा वर्षांपूर्वी हीच वाक्ये मला फुकट मिळत होती, एक बदल करून. तेव्हा दहिवर होते.

गार्ड जाताना गंगारामला म्हणाले, “या मोसमापुरता राहतोस. पुढच्या साली तुझं नाव घालणं माझ्या हातात नाही.” गंगाराम “जी” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. धाऊबाबांनी हाताला पट्टी बांधली होती, तळव्यावर कोरफड. झिमाबाई पन्हळीपर्यंत आल्या. हंडा लावला आणि विचारले, “तुमच्याकडं पडतं का ओ दहिवर?”

मी म्हणालो, “माहीत नाही. बघून कळवतो.”

पुण्यात परतल्यावर घरामागच्या टेकडीवर आठवडाभर पहाटे गेलो. तिथे गवत आहे. लोक बूट घालून फिरतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला अनवाणी पाहून, पायांना काही झाले आहे का, अशी चौकशी केली. आठव्या दिवशी जाणे थांबवले. कार्ड आणून ठेवले होते. लिहिले नाही.

शिमग्यानंतर गंगारामचे पत्र आले. यावेळी आंतरदेशीय. वणवा आला होता. खालून, रस्त्याच्या अंगानेच, होळीच्या आधी दोन दिवस, दुपारी. त्याने लिहिले होते: ‘काळ्यापर्यंत आला आणि खाली बसला. बाबा रानाच्या कडेला उभे राहून त्याला शिव्या देत होते. जळलेल्या जांभळाच्या बुडातून दोन कोंब निघाले आहेत. पाणी आहे तेवढेच आहे. माझे काम सुटणार, महाडला एका कंपनीत विचारून ठेवले आहे. बाबा म्हणतात, संक्रांतीचा भरवसा आता धरायचा नाही. पुढच्या साली आई दिवाळीपासून रोज सकाळी चालणार, ज्या दिवशी गळेल त्या दिवशी पट्टा. जुनी वाट मी कोयत्याने मोकळी केली आहे. तेवढ्यासाठी कंपनीतून सुट्टी काढून येईन. ताजा कलम. आई विचारते, कळवतो म्हणाले होते, त्याचे काय झाले?’

मी ठेवलेले कार्ड काढले. झिमाबाईंना वाचता येत नाही, गंगाराम मोठ्याने वाचणार, आणि धाऊबाबा पहिल्या ओळीनंतर घडी घालायला सांगतील, हे लक्षात घेऊन सगळे पहिल्याच ओळीत लिहिले:

‘आमच्याकडे सात दिवस चाललो. पाय कोरडे. लहान होतो तेव्हा पडत असे.’